एका गोट्याचा पंचनामा

भिलईत माणसांना नंबर असतात आणि मंगळावर दगडांना नावं असतात. यातलं पहिलं आम्हाला जन्मापासून ठाऊक आहे. टाउनशिपमध्ये कुणाचं घर शोधायचं तर आडनाव सांगून काही उपयोग नाही. सेक्टर किती, स्ट्रीट कितवी आणि क्वार्टर नंबर काय, एवढं सांगा, माणूस हजर. पोलाद कारखान्यात पर्सनल नंबर. मोठ्या इस्पितळाला जवाहरलाल नेहरूंचं नाव आहे, पण ते पाटीपुरतं. बोलताना सगळी भिलई 'सेक्टर नाइन' म्हणते, आणि 'अमक्याला सेक्टर नाइनला नेलं' एवढं कानावर आलं की माणसं पुढचं काही न विचारता चपला घालतात. झोतभट्ट्यांचीही तीच गत. त्यांचीही ओळख नंबरानेच. आठव्या भट्टीला 'महामाया' असं नाव आहे खरं, पण रात्रपाळीला निघालेला माणूस 'महामायेकडे जाऊन येतो' असं घरी सांगायला धजत नाही. तो मुकाट्याने 'फर्नेस एट' म्हणतो आणि डबा उचलतो.

मंगळाची लोकसंख्या शून्य. तिथे सेक्टर नाही, स्ट्रीट नाही, दारावर पाटी लावायला दार नाही. तरी धोंड्याधोंड्याचं बारसं झालेलं. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचं पाथफाइंडर यान तिथे उतरलं आणि त्यातून सोजर्नर नावाची सहा चाकांची, साडेदहा किलोची गाडी बाहेर पडली. वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. ज्या दगडाला तिने सगळ्यात आधी तपासलं त्याचं नाव 'बार्नॅकल बिल'. त्याच्या पुढचा 'योगी'. हे वाचून आपली छाती फुगते, की बघा, शेवटी मंगळावरही आपलीच संस्कृती पोचली. कसली संस्कृती! हा योगी म्हणजे कार्टूनमधलं अस्वल. जवळच्याच दुसऱ्या दगडाचं नाव 'स्कूबी डू', म्हणजे कार्टूनमधलाच कुत्रा. योगीची तपासणी करायला गेलेल्या सोजर्नरचं चाक त्या योगीवरच चढलं. आमच्याकडे योग्याला पाय लागला तर नमस्कार करतात. गाडीला ती सोय नव्हती.

पुढे २०१२ साली क्युरिऑसिटी रोव्हरला पिरॅमिडसारखा एक दगड भेटला. त्याला जेक मॅटिजेविक या अभियंत्याचं नाव दिलं. याच माणसाने या गाड्यांवर वर्षानुवर्षं खपून काम केलं होतं आणि क्युरिऑसिटी उतरल्यावर दोन आठवड्यांतच तो गेला. हे नाव मात्र मनापासून पटतं. बाकी नावांवर आमच्या स्ट्रीटवर बरीच चर्चा झाली. चर्चा झाली म्हणजे फोरमनकाका बोलले. काका ब्लास्ट फर्नेसमध्ये फोरमन होते, निवृत्त झाले, पण हुद्दा चिकटून राहिला. मूळचे नागपूरकडचे, त्यामुळे ते रागावले आहेत की खूश आहेत हे आवाजावरून कळत नाही.

"पाहा नं बाप्पा," ते म्हणाले, "मी जिंदगी घातली त्या भट्टीपुढे, अन् पेन्शनच्या कागदावर अजूनही माझा नंबरच पाह्यते. अन् हा गोटा कोट्यवधी वर्षं नुसता पडून राह्यला, तर त्याले नाव भेटलं!"

मंगळ या विषयात भिलईकर फारसा भारावून जात नाही याला कारण आहे. मंगळ लाल आहे, धुळीचा आहे, आणि तिथे लोखंडाचे दगड आहेत, हे ज्या गावात बातमी म्हणून सांगायचं त्या गावाने आधी दल्ली-राजहरा बघितलेलं नसावं. आमच्या कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या या खाणी भिलईच्या दक्षिणेला नव्वदेक किलोमीटरवर, आता बालोद जिल्ह्यात. तिकडची माती लाल, रस्ते लाल, वाघिणी लाल, आणि खाणीवरून परतलेल्या माणसाचा रुमालही लाल. मंगळाचे पहिले रंगीत फोटो टीव्हीवर आले तेव्हा दल्लीच्या बाजूची एक भाजीवाली ओसरीतून डोकावली आणि म्हणाली, "ए ह त हमर राजहरा के पथरा आय!" तिच्या विधानात विज्ञानाच्या दृष्टीने फार थोडी दुरुस्ती करावी लागते.

काकांच्या घरी राजहऱ्याचा एक गोटा आहे. नारळाहून लहान, पण उचलायला गेलं की मनगट दचकतं, इतका जड. काकू त्याने पुढचं दार अडवतात. या गोट्याची गंमत अशी, की तो लाल नाहीच. पोलादी करडा, कडेला थोडी चकाकी. पण चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी जो खरखरीत, बिनझिलईचा काठ असतो त्यावर तो घासा, की विटकरी तांबडी रेघ उमटते. हेमाटाइट ओळखायची ही भूगर्भवाल्यांची जुनी परीक्षा. दगड करडा, रेघ लाल. काकूंच्या कपांच्या बुडाशी अशा बऱ्याच रेघा आहेत, कारण काकांना घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर ही परीक्षा घ्यायची असते. पाहुणा चहा मागतो, काका आधी कप उलटा करतात.

हेमाटाइट म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचा संसार. गंजही त्याच कुळातला. भिलईत आम्ही काय करतो, तर हा संसार मोडतो. खनिज, कोक आणि नंदिनीच्या खाणीतली चुनखडी भट्टीत घालायची, खालून तापलेली हवा मारायची. कोकपासून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड लोखंडाकडचा ऑक्सिजन हिसकावून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन वर निघून जातो. खाली उरतं वितळलेलं लोखंड. त्याचं पोलाद, पोलादाचे रूळ. भिलईचे रूळ देशभर पसरलेत. एकेक सलग पट्टा २६० मीटर लांबीचा. आणि मग रुळावर पाऊस पडतो, आणि लोखंड पुन्हा ऑक्सिजनकडे नांदायला जातं. म्हणजे भिलईचा सगळा खटाटोप दोन गंजांच्या मधला. मंगळाने ही मधली यातायातच केली नाही. त्याने थेट गंजून घेतलं. वर त्याच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. काकांनी हा आकडा ऐकला आणि विचारलं, "भट्टी कुठं आहे मग? धूर तर दिसून राह्यला!"

आता राजहऱ्याच्या दगडाचा शोध कसा लागला ते बघा, म्हणजे मंगळावरची मंडळी काही जगावेगळं करत नाहीत हे लक्षात येईल. प्रमथनाथ बोस या भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकात दुर्ग भागातल्या लोहखनिजाची नोंद केली होती. नोंद सरकारी होती, त्यामुळे ती व्यवस्थित जपून ठेवण्यात आली आणि कुणी वाचली नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा पोलाद कारखान्यासाठी जागा शोधत नागपुरात आले. टाटांच्या इतिहासात अशी हकिगत सांगतात, की सरकारी साहेबांची भेट व्हायला वेळ होता, म्हणून ते सचिवालयाजवळच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा लावलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यावर गडद रंग होता. रंग म्हणजे लोखंड. सरकारी कचेरीत ताटकळत बसण्यातून देशाचं भलं झाल्याची माझ्या माहितीतली ही एकमेव घटना.

मग दोराबजी आणि अमेरिकेहून आणलेले भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड दल्ली आणि राजहऱ्याच्या टेकड्या चढले. चालताना पायाखाली धातूवर चालल्यासारखा आवाज येत होता, असं वर्णन आहे. म्हणजे नकाशात रंग दिसला, मग प्रत्यक्ष जाऊन पाय आपटून बघितला. मंगळावर अगदी हेच झालं. मार्स ग्लोबल सर्व्हेयर हे यान मंगळाभोवती फिरत होतं, त्याच्या उपकरणाला मेरिडियानी नावाच्या सपाट प्रदेशात हेमाटाइटची खूण दिसली. नकाशात रंग भरला गेला. मग पाय आपटायला २००४ च्या जानेवारीत ऑपॉर्च्युनिटी रोव्हर उतरवलं. फरक एवढाच, की वेल्डसाहेबांना टेकडीवर चालताना धाप लागली असणार आणि घोटभर पाणीही लागलं असणार. रोव्हरला पाणी लागत नाही. ते पाणी शोधायला गेलेलं असतं.

ऑपॉर्च्युनिटी उतरलं ते २२ मीटर व्यासाच्या एका खळग्यात, आणि समोर बघतं तो जमिनीवर गोळ्याच गोळ्या. मिलिमीटरच्या मापातल्या, वाटोळ्या, जणू कुणी मोजून टाकल्यात. शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव ठेवलं 'ब्लूबेरी'. फोटोतले रंग मुद्दाम गडद केले की त्या निळसर दिसतात; एरवी करड्या. आमच्याकडे ब्लूबेरी कुणी बघितलेली नाही, त्यामुळे नावावरून कुणाच्या डोळ्यांपुढे काही आलं नाही. पण फोटो बघून काका ताडकन उठले. "हे तर पेलेट आहे!" लोहखनिजाची भुकटी भट्टीत हवेची वाट अडवते, म्हणून तिच्या गोळ्या वळतात, भाजतात, त्यासाठी अख्खा वेगळा प्लांट उभारावा लागतो. मंगळाने त्या गोळ्या आयत्या वळून ठेवल्या होत्या, आणि त्याही हेमाटाइटच्या.

पण त्या हेमाटाइटच्याच आहेत हे ठरवायचं कसं? उपकरणाच्या तोंडापेक्षा गोळी लहान. तेव्हा रोव्हरने एक दगड शोधला, ज्याच्या खळगीत गोळ्या साचल्या होत्या. त्या जागेला नाव, अर्थातच, 'बेरी बोल'. आधी गोळ्यांनी भरलेली जागा मोजली, मग शेजारची मोकळी जागा मोजली, आणि दोन्हींतला फरक तो गोळ्यांचा. हे वाचताना काका प्रथमच समाधानाने हसले, कारण त्यांच्या मते सगळं विज्ञान एवढंच आहे: भरलेली वाघीण तोलायची, रिकामी तोलायची आणि वजाबाकी करायची. त्या गोळ्या दगडात मुरणाऱ्या भूजलामुळे तयार झाल्या, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे मंगळावर कधीकाळी दगडाला खरोखरच पाझर फुटला होता. अलीकडे २०२५ मध्ये काही शास्त्रज्ञांनी असंही मांडलं, की तिथल्या धुळीचा लाल रंग मुख्यतः हेमाटाइटचा नसून फेरिहायड्राइटचा असावा, आणि या खनिजाच्या अंगातच पाणी असतं. काका म्हणाले, ओल्या मालाचं वजन आम्ही कधीच धरलं नाही.

ऑपॉर्च्युनिटीविषयी मात्र काकांना आदर आहे, आणि तो त्याच्या नोकरीच्या अटींमुळे. हे रोव्हर ९० मंगळदिवसांच्या कामासाठी पाठवलं होतं. शब्दशः ठेका. नव्वद दिवस झाले, काम चालू. वर्ष झालं, काम चालू. मुदतवाढीवर मुदतवाढ. असं करत ते २०१८ च्या जूनपर्यंत राबलं, ४५ किलोमीटरहून जास्त चाललं आणि शेवटी धुळीच्या वादळात त्याचा आवाज बंद झाला. "अन् परमनंट नाही केलं?" काकांनी विचारलं. नाही केलं. "पीएफ?" नाही. काका बराच वेळ गप्प होते. ठेका मजुरांच्या मागण्यांसाठी याच दल्ली-राजहऱ्यात शंकर गुहा नियोगींनी मोठा लढा उभारला होता, याची आठवण काकांनी करून दिली आणि म्हणाले, "मंगळावर युनियन नाही, हेच खरं कारण आहे सारं स्वस्तात होण्याचं."

शिफ्टचीही तीच कथा. मंगळावरचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा. रोव्हर दिवसा काम करतं, म्हणून सुरुवातीचे काही महिने ते चालवणारी कॅलिफोर्नियातली मंडळी मंगळाच्या घड्याळाने कामावर येतात. म्हणजे रोज कालच्यापेक्षा चाळीस मिनिटं उशिरा. ज्यांनी ए शिफ्ट, बी शिफ्ट आणि सी शिफ्ट यांच्या चक्रात आयुष्य काढलं, त्या भिलईकरांना हे ऐकून जगात न्याय आहे की नाही असा प्रश्न पडला. रोज चाळीस मिनिटं उशिरा येऊन वर टाळ्या घेणारा विभाग आमच्या ऐकिवात नव्हता. तसा एकेक माणूस होता, पण त्याला मेमो मिळायचा.

आता मुख्य प्रश्न. एवढ्या लांब जाऊन दगडात बघतात काय? काही लोकांना दिसेल ते. २०१४ च्या जानेवारीत ऑपॉर्च्युनिटीच्या समोर एक दगड अचानक उगवला. बारा मंगळदिवसांपूर्वीच्या फोटोत जागा रिकामी, नव्या फोटोत दगड. कडेने पांढरा, मधोमध लाल. जॅम भरलेल्या डोनटसारखा. नाव पडलं 'पिनॅकल आयलंड'. अमेरिकेतल्या एका गृहस्थांना तो जीव वाटला, आणि नासा त्याची नीट तपासणी करत नाही म्हणून ते चक्क कोर्टात गेले. पुढच्याच महिन्यात खुलासा झाला: रोव्हरच्याच चाकाखाली एक दगड फुटला होता आणि त्याचा तुकडा उडून पुढे पडला होता. आमच्याकडे असा दगड एका रात्रीत रस्त्याकडेला उगवला असता तर दुसऱ्या दिवशी शेंदूर, तिसऱ्या दिवशी झेंडा आणि महिन्याभरात दानपेटी. नासाला चाकाचा खुलासा करायची हिंमतच झाली नसती. रोव्हरलाच पुजारी नेमावं लागलं असतं.

काकांना मात्र दगडात देवही दिसत नाही आणि डोनटही. त्यांना दिसतो ग्रेड. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ उतरलं, त्यातलं प्रज्ञान रोव्हर चंद्रावर फिरू लागलं आणि तिथल्या मातीवर लेझर मारून त्याने गंधक असल्याचं नक्की केलं. सगळ्या देशात आनंदीआनंद. काका एकटे कपाळाला हात लावून. "सल्फर? मग गेला ना माल!" त्यांचंही चूक नाही. पोलादात गंधक राहिलं तर ते लालबुंद असताना ठोकताठोकता तडकतं. फॉस्फरस राहिला तर थंडीत ठिसूळ होतं. रुळाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. म्हणून पोलाद कारखान्यात मोठी फौज या दोन नतद्रष्टांना हुसकायलाच बसवलेली असते. लोहखनिजाचा नमुना घेऊन त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि परत येणाऱ्या किरणांवरून कोणतं मूलद्रव्य किती ते वाचायचं, ही कारखान्यांच्या प्रयोगशाळेतली रोजची रीत. सोजर्नरच्या नाकातलं उपकरण याच जातकुळीचं. कारखान्यात तो चिठ्ठीवरचा आकडा असतो, तिथे पत्रकार परिषद.

मे २०२४ मध्ये तर क्युरिऑसिटीचं चाक एका दगडावरून गेलं, दगड फुटला आणि आत पिवळेजर्द स्फटिक निघाले. शुद्ध गंधक. शास्त्रज्ञ नाचले. काकांनी टीव्ही बंद केला.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे 'चेयावा फॉल्स'. हा पर्सिव्हिअरन्स रोव्हरला जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवरात, एका वाळलेल्या नदीच्या पात्रात भेटलेला दगड. लांबी मीटरभर. नाव धबधब्याचं, अंगावर मात्र थेंब नाही. त्याच्यावर काळ्या कडांचे फिकट ठिपके आहेत. शास्त्रज्ञ त्यांना बिबट्याचे ठिपके म्हणतात. छत्तीसगडात बिबट्याचे ठिपके दिसले की वनखात्याला फोन जातो. तिथे ते ड्रिल घेऊन जवळ गेले. ठिपक्यांत दोन खनिजं असावीत असं निघालं: व्हिव्हियानाइट आणि ग्रेगाइट. पृथ्वीवर ही खनिजं पुष्कळदा चिखलात, सूक्ष्मजीवांच्या पोटापाण्याच्या उद्योगातून तयार होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये याचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. मंगळावर जीव होता की काय, या प्रश्नाच्या इतक्या जवळ आधी क्वचितच कुणी पोचलं असेल.

मी काकांना नावं फोडून सांगितली. व्हिव्हियानाइट, म्हणजे लोखंडाचं फॉस्फेट. ग्रेगाइट, म्हणजे लोखंडाचं सल्फाइड.

काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "म्हणजे फॉस्फरस अन् सल्फर? दोन्ही? एकाच गोट्यात?"

तर असं आहे. ज्या दोन गोष्टी दगडात सापडल्या म्हणून शास्त्रज्ञांना जीव असल्याची शंका आली, त्याच दोन गोष्टींनी फोरमनकाकांचा जन्मभर जीव घेतला. दगड तोच, एकाला त्यात सृष्टीचा आरंभ दिसतो, दुसऱ्याला तडकलेला रूळ. मला वाटतं दगडाच्या पंचनाम्यात दगडाबद्दल जेवढं लिहिलेलं असतं त्याहून जास्त पंचांबद्दल असतं. नासाच्या पंचांना जीव हवा, खटल्यातल्या गृहस्थांना चमत्कार हवा, टाटांना कारखाना हवा, काकांना साठ-बासष्ट टक्के लोखंड हवं आणि भाजीवालीला आपलं गाव हवं. दगड सगळ्यांना सारख्याच शांतपणे वजन देतो.

काकूंचा पंच वेगळाच. त्यांच्या लेखी मंगळाची एकच तपासणी महत्त्वाची: तो पत्रिकेत कुठे बसलाय. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की मुलगी मंगळाची. बारा घरांपैकी पाच घरं, म्हणजे हिशेबाने शंभरातले चाळीसहून जास्त लोक मंगळाचेच निघायचे. तरी प्रत्येक घरात ती बातमी आभाळ कोसळल्यासारखी फुटते. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचलं तेव्हा काकूंनी अत्यंत व्यवहारी प्रश्न विचारला होता, "आता आपलं माणूस तिथं आहे तर थोडा शांत होईल का तो?" मंगळयान वरून फोटो घेत होतं, खाली उतरून समजूत काढणं त्याच्या कामात नव्हतं.

पण चेयावा फॉल्सचं प्रकरण सगळ्यात आधी समजलं ते काकूंनाच. नासा म्हणते, ही 'संभाव्य' खूण आहे. जीव नसतानाही नुसत्या रसायनांतून अशी खनिजं होऊ शकतात. पुरावा तपासायची सात पायऱ्यांची शिडी आहे आणि आपण अजून तळाशीच आहोत. काकू म्हणाल्या, "म्हणजे मुलगी पसंत आहे, पण कळवतो." बरोबर. जगातल्या सगळ्यात मोठ्या अवकाश संस्थेने कांदेपोहे खाल्ले, प्रश्न विचारले, फोटो काढले, वर एक नमुनाही घेतला, आणि घरी जाऊन कळवतो म्हणाली.

कळवायचं तर नमुना पृथ्वीवर आणायला हवा, आणि घोडं तिथेच पेंड खातं. पर्सिव्हिअरन्सकडे नमुन्यांसाठी ४३ नळ्या. पहिलाच नमुना ऑगस्ट २०२१ मध्ये फसला. दगड इतका भुसभुशीत, की नळी रिकामीच निघाली. ("फाइन्स!" काका. म्हणजे नुसती भुकटी.) मग जमलं. त्यातल्या दहा नळ्या एका जागी जमिनीवर मांडूनही ठेवल्यात, सुटं सामान स्टेशनच्या फलाटावर ठेवावं तशा. एकेक नमुना बोटाएवढा. हे सगळं घरी आणायचा खर्च स्वतंत्र समितीने २०२३ मध्ये काढला, तो ८ ते ११ अब्ज डॉलर. त्यानंतर नुसतं कोण आणणार आणि कसं, यावर बराच काथ्याकूट झाला. दल्ली-राजहऱ्याहून वाघिणीच्या वाघिणी भरून येणारा माल बघत आलेल्या काकांनी हा आकडा तीनदा वाचायला लावला.

"माल रिजेक्ट," त्यांनी निकाल दिला. "भाडं मालापेक्षा जास्त. अन् गिऱ्हाईक म्हणते, कळवतो. हा सौदा होत नाही, लिहून घे."

मी म्हटलं, काका, राजहऱ्याचं काय झालं होतं आठवा. टाटांची माणसं येऊन पाय आपटून गेली, दगड पसंत पडला, आणि तरी त्यांनी नकार दिला. लोखंड उत्तम, पण कोकचा चांगला कोळसा आणि पाणी जवळपास एकत्र मिळेना. पुढे प्रमथनाथ बोसांनीच १९०४ मध्ये मयूरभंजच्या खनिजाचं पत्र धाडलं, आणि कारखाना निघाला तो साकचीला, आजच्या जमशेदपुरात. राजहऱ्याचा डोंगर जागच्या जागी बसून राहिला. रशियाशी करार १९५५ मध्ये झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलईची पहिली भट्टी सुरू झाली. बघून गेल्यापासून बोलावणं यायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. त्या पन्नास वर्षांत दगडाचं काहीच बिघडलं नाही. चेयावा फॉल्सला तर तीनशे कोटींहून जास्त वर्षांची सवय आहे. घाई आहे ती बजेटला, निवडणुकीला आणि आपल्या वयाला. दगडाला नाही.

काकू म्हणाल्या, हे मात्र खरं. काकाही बराच वेळ मान हलवत होते. मला वाटलं, पटलं.

"ते सारं बरोबर आहे," काका म्हणाले, "पण फॉस्फरसचं काय?"